शेडवरचं कुत्रं आणि सांडलेला बेदाणा



काल शेडवरचा शेवटचा रॅक झाडला. यंदाचा माल संपला. बेदाणा झाडताना कितीही ताडपत्री पसरा, मूठ-दोन मूठ माल इकडंतिकडं सांडतोच. आज त्या सांडलेल्या बेदाण्याबद्दल लिहायचं आहे. छाटणी, डिपिंग, प्रतवारी यावर दर वर्षी लिहितो, हे त्यातलं नाही. पण ज्याच्या शेडवर किंवा बागेत कुत्रं आहे त्यानं हे वाचावं.

ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी आधीच सांगून टाकतो. कुत्र्याला द्राक्ष घालू नका. बेदाणा तर मुळीच नको. हिरवा, पिवळा, काळा मनुका, कुठलाच नको. त्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. मला हे आमचा खंड्या गेल्यावर कळलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, शेड भरलेली. खंड्या सहा वर्षांचा, वीस किलोच्या आसपास वजनाचा. रात्री शेडवर तोच राखणीला. त्याला द्राक्षाची सवय आम्हीच लावलेली. बागेत तोडणी चालली की खाली पडलेले मणी तो वेचून खायचा. शेडवरच्या बाया जेवायला बसल्या की त्याच्याकडं चार बेदाणे टाकायच्या, मीही टाकायचो. त्यानं वरच्यावर झेलले की सगळी हसायची. "आमचं कुत्रं द्राक्षावर वाढलंय," असं मी पाव्हण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायचो.

त्या साली मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला. वाऱ्यानं एका बाजूची ताडपत्री सुटली आणि खालच्या दोन जाळ्यांवरचा माल भिजला. तो माल बाजूला काढून कोपऱ्यात ढीग करून ठेवला. रात्री बाकीचं झाकून घरी आलो. खंड्या तिथंच.

सकाळी गेलो तर त्यानं दोन ठिकाणी उलटी केलेली. उलटीत फुगलेले बेदाणे दिसत होते. मी डोळ्यांनी बघितले. मनात म्हणलं, जास्त खाल्ला, टाकला, बरं झालं. त्या दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. घरातनं ताक करून आणलं, ते पाजलं. तेही त्यानं टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो शेडच्या मागं जाऊन बसला. हाक मारली तर नुसतं बघायचा. पाणी प्यायचा आणि ओकायचा. लघवी करतोय का नाही याकडं माझं लक्षच नव्हतं, कारण माझं डोकं भलतीकडंच लागलं होतं.

आमच्या बांधाला लागून चुलतभावाचं रान आहे. माझ्यापेक्षा लहान आहे, मला दादा म्हणतो. पाण्याच्या पाळीवरनं आमची आधीच धुसफूस चालू होती. त्यात चारच दिवसांपूर्वी खंड्यानं त्याची एक कोंबडी मारलेली. तो तावातावानं शेडवर आला होता आणि म्हणाला होता, "दादा, ह्या कुत्र्याचा कायतरी बंदोबस्त करायला पायजे." तेवढंच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कुत्रं आजारी पडलं म्हणजे यानंच काहीतरी घातलं, असं मी धरून चाललो.

दूध घालायला डेअरीवर गेलो तर तो तिथंच उभा. पंधरा-वीस माणसं होती. त्या सगळ्यांच्या समोर मी त्याला म्हणलं, "मुक्या जनावराला विष घालताना लाज वाटली नाही का?" आणखीही बोललो. ते इथं लिहीत नाही. तो काही बोलला नाही. किटली उचलली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे खंड्याला उठता येईना. आमचा टेम्पो माल घेऊन मार्केटला गेलेला. मी रस्त्यावर येऊन गाडीची वाट बघत होतो, तर चुलतभाऊ त्याची पिकअप घेऊन आला. कुणी सांगितलं त्याला, मी कधी विचारलं नाही. म्हणाला, "घाला मागं. सांगलीला नेऊ." आम्ही दोघांनी त्याला पोत्यावर घेऊन गाडीत ठेवलं. सांगलीपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंय? मी म्हणलं, कुणीतरी विष घातलंय. भाऊ तिथं शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी परत विचारलं, उलटीत काय दिसलं? मी म्हणलं, बेदाणे. बेदाण्याची शेड आहे आमची. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विष कुणी घालायची गरज नाही. कुत्र्याला बेदाणाच विष आहे."

रक्त तपासलं. क्रिएटिनिन कुत्र्याचं साधारण दीडच्या आत लागतं, खंड्याचं नऊच्या वर गेलं होतं. सलाईन लावलं, लघवी व्हायचं इंजेक्शन दिलं. लघवी उतरलीच नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी सकाळी आणलं असतं तर बरीच आशा होती. त्याच रात्री खंड्या गेला.

येताना गाडीत भाऊ एकच वाक्य बोलला. "कोंबडीसाठी कुत्रं मारणारा वाटलो व्हय दादा मी?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बांधावरच्या लिंबाखाली खड्डा त्यानंच जास्त खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर जाऊन, तीच माणसं असताना, मी त्याची माफी मागितली. आरोप चारचौघांत केला होता, माफी शेडवर एकट्यात मागून भागलं नसतं. तो म्हणाला, "जाऊ द्या." पण पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी मोजकंच बोलायचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

आता मुद्द्याचं.

माझा भाचा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. मी त्याला विचारलं, अरे, इतकी वर्षं खात होता, कधी काही झालं नाही, मग त्याच दिवशी कसं? त्यानं आणि सांगलीच्या डॉक्टरांनी मिळून जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. आपण ब्रिक्स आणि आम्लता बघतो ना, तेच. आज सगळ्यात जास्त संशय याच आम्लावर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी ही गोष्ट मांडली. टार्टारिक आम्लाचा क्षार घातलेली घरगुती खेळण्याची माती खाऊन कुत्र्यांना तसाच किडनीचा आजार झालेला त्यांना दिसला. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचंही तेच. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं. माणसाची किडनी ते बाहेर टाकते, कुत्र्याच्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही, असं दिसतंय.

आता विचार करा. हे आम्ल प्रत्येक घडात सारखं असतं का? जातीनुसार बदलतं, पिकण्यानुसार बदलतं, हवामानानुसार बदलतं. हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? म्हणून एक कुत्रं घडभर खाऊन ठणठणीत राहतं आणि दुसरं थोडक्यात जातं. म्हणून "आमचं खातंय, काय होत नाही" याला काही अर्थ नाही. खंड्याचं सहा वर्षं काही झालं नाही, हेच माझं प्रमाण होतं.

बेदाणा जास्त घातक का, हेही आपल्याला सोपं आहे. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, आम्ल तिथंच राहतं. ज्या नोंदी झाल्या आहेत त्यांत कुत्र्याच्या वजनाच्या एका किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास बेदाण्यानं किंवा २० ग्रॅमच्या आसपास द्राक्षानंही किडनी गेलेली आहे. वीस किलोच्या कुत्र्याचा हिशोब करा. बेदाणा ६० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी. द्राक्ष ४०० ग्रॅम, म्हणजे एक घड. पाच किलोचं पिल्लू असेल तर १५ ग्रॅम बेदाणा, एवढा तर आपण सहज चिमटीचिमटीनं टाकतो. आणि याच्या खाली धोका नाही असंही कुणी लिहून देत नाही.

काहीजण म्हणतील, हा फवारणीचा परिणाम असेल, नाहीतर डिपिंग ऑईल आणि कार्बोनेटचा, नाहीतर गंधकाच्या धुरीचा. मलाही तेच वाटलं होतं. पण परसात लावलेली, औषध न मारलेली द्राक्षं खाऊनही कुत्र्यांना असं झाल्याच्या नोंदी आहेत. सेंद्रिय बागवाल्यानंही निर्धास्त राहू नये.

दुसरं कुणी म्हणेल, शेळ्या पाला खातात, म्हशी खराब माल खातात, त्यांना काय होत नाही. बरोबर आहे. शेळी, म्हैस रवंथ करणारी जनावरं, त्यांचं पोट वेगळं. त्यांच्यावरून कुत्र्याचा अंदाज बांधू नका.

अमेरिकेतच १९९२ ते २००२ या काळातल्या ४३ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, सगळी द्राक्ष-बेदाण्यानं किडनी बिघडलेली. त्यातली २३ वाचली. म्हणजे किडनी बिघडल्यावर निम्म्याच्या आसपासच. किडनी बिघडायच्या आधी नेलं तर गोष्ट वेगळी असते, ते यंदा मी बघितलं.

खंड्यानंतर दोन वर्षं कुत्रं पाळलं नाही. आता एक कुत्री आहे, चंपी. यंदा फेब्रुवारीत माल पसरताना शेडवरची एक मावशी धावत आली, "अण्णा, चंपीनं खालच्या जाळीला तोंड घातलंय." किती खाल्लं कळत नव्हतं. चंपी शेपटी हलवत होती, काहीही झालेलं नव्हतं. वाट बघितली नाही. तासाभरात दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, बेदाणे बाहेर पडले. दोन दिवस सलाईन, तीन दिवस रोज रक्ताची तपासणी. क्रिएटिनिन हललं नाही. चंपी आता हे लिहिताना पायाशी झोपली आहे.

मी शिकलेलं थोडक्यात:

एक. खाल्लेलं दिसलं की लक्षणांची वाट बघू नका. उलटी साधारण पहिल्या चोवीस तासांत होते, पण किडनी बिघडल्याचं रक्तात दिसायला एक ते तीन दिवस जातात. मधल्या वेळात कुत्रं बरं वाटतं, तिथंच आपण फसतो.

दोन. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठानं वेगळीच विषबाधा होते. ताक, दूध, तूप यानं काही उतरत नाही, नुसता वेळ जातो. मी ताकात पहिला दिवस घालवला.

तीन. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. किती वाजता खाल्लं, अंदाजे किती खाल्लं आणि कुत्र्याचं वजन. लघवी होते का यावर लक्ष ठेवा. लघवी कमी झाली किंवा थांबली तर फार वाईट.

चार. शेडमध्ये खालची जाळी कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका. खराब मालाचा ढीग रात्री उघडा ठेवू नका. सांडलेलं संध्याकाळी झाडून घ्या. आम्ही आता कुत्री शेडच्या बाहेर, दारापाशी बांधतो. राखण तिथूनही होते.

पाच. कामाला येणाऱ्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. माया म्हणूनच टाकतात बिचाऱ्या, रागावून उपयोग नाही. घरातल्या लहान पोरांनाही सांगा. पूजेचा शिरा, खीर, लाडू यात मनुके असतात, तो प्रसाद कुत्र्याला नको.

सहा. उरलेली आमटी भाकरीवर ओतून देण्याची आपली पद्धत. त्यात कांदा-लसूण असतो. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी गुण जात नाही. चिंचही असते. त्यापेक्षा साधी भाकरी, मोकळा भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचा उकडलेला भोपळा किंवा गाजर द्या.

भावाचं आणि माझं आता बरं आहे. परवा त्यानं नवीन पिल्लू आणलं. मी सांगायच्या आधीच त्यानं त्याची साखळी द्राक्षाच्या ओळीपासून लांब, गोठ्याच्या खांबाला बांधलेली होती.

तुमच्याकडं असं काही घडलं असेल तर खाली लिहा. जनावरांचे डॉक्टर हे वाचत असतील आणि माझ्या सांगण्यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, मी बदलून टाकतो. आणि ज्यांच्या शेडवर अजून माल आहे त्यांनी आज रात्री घरी जायच्या आधी खालच्या जाळीखाली एकदा बॅटरी मारून बघा.

राम राम.