टोपलीत गोळी नको



२०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. आमच्या शेजारच्या सिस्टरच्या दोन वर्षांच्या नातीसाठी मी ईस्टरची टोपली भरून दिली. "जैन घरातून ईस्टरची टोपली? ती अंड्यांची असते ना?" असं माझ्या जाऊबाईंनी लगेच विचारलं. तुमच्यापैकी काहींच्याही मनात हेच येईल, म्हणून सगळं सविस्तर सांगते. पण त्याआधी मागच्या पर्युषणातली एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही.

मागच्या वर्षी माझी अठाई झाली. पारण्याला येणाऱ्या मुलांसाठी प्रभावनेची ५१ पाकिटं मी स्वतः भरली होती. एक पेन्सिल आणि सहा गोळ्या. आपल्या नेहमीच्या कडक, गोल, चकचकीत कागदातल्या. नातू तेव्हा दीड वर्षाचा. सगळ्यांना दिलं आणि घरच्यालाच नाही असं कसं, म्हणून त्याच्याही हातात एक पाकीट दिलं. गोळीचा कागद मीच सोलून दिला.

मिनिटभरात त्याचा आवाज बंद झाला. रडणं नाही, खोकला नाही, नुसते डोळे मोठे झालेले आणि ओठांचा रंग बदललेला. घरात चाळीस माणसं. मी "पाणी आणा, पाणी आणा" एवढंच ओरडत होते. सिस्टर साता विचारायला आल्या होत्या. आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलेली बाई. त्यांनी बाळाला माझ्याकडून ओढूनच घेतलं, मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला गोळी फरशीवर पडली. बाळ रडायला लागलं. मी खाली बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाही.

आदल्याच दिवशी संवत्सरीला आपण चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावलं होतं. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारं आपलं घर. आणि माझ्या हाताने सोललेली गोळी माझ्याच नातवाच्या घशात. प्रभावना देताना माझ्या मनात भाव चांगला होता, त्यात शंका नाही. यतना नव्हती. उठणं, बसणं, चालणं, बोलणं यतनेने करावं हे लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं. देणंही यतनेनेच करायचं असतं, हे कळायला वयाची साठी उलटावी लागली.

सिस्टरनी नंतर शिकवलं ते इथे लिहून ठेवते. घशात अडकलं तर पाणी पाजायचं नाही. वस्तू दिसत नसेल तर आत बोट घालायचं नाही, ती आणखी आत सरकते. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला असेल तर पाठीवर पाच थापा, तरी नाही निघालं तर वर्षावरच्या मुलाला बेंबीच्या वर पोटावर पाच दाब, पुन्हा थापा, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाबायचं नाही, छातीवर दाबायचं. वाचून हे नीट येत नाही. आपल्या ओळखीच्या नर्सकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

आता टोपलीकडे येते. मार्चअखेरीस सिस्टर म्हणाल्या, "भाभी, ईस्टरला मुलगा-सून बंगळुरूहून येतायत. सून म्हणते, टोपली हवी, पण चॉकलेट-गोळ्या अजिबात नकोत. मग टोपलीत घालू तरी काय? आमच्या लहानपणी टोपली-बिपली नव्हतीच. पहाटेची उपासना आणि नवा फ्रॉक, झाला ईस्टर."

मी म्हटलं, "टोपली मी भरते."

आपल्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ईस्टर काही नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथे १८३१ साली आले. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथलीच. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. याच मिशनने एकोणिसाव्या शतकात मराठी मुलांसाठी एक मासिक सुरू केलं. त्याचं नाव होतं 'बालबोधमेवा'. मुलांना मेवा द्यायचा तर तो वाचायचाही असू शकतो, हे त्यांना तेव्हाच सुचलं होतं. मला ते नाव फार आवडतं.

तिथीचंही गंमतशीर आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे पुष्कळदा तो आपल्या महावीर जन्मकल्याणकाच्या आगेमागेच येतो. २०२५ साली जन्मकल्याणक १० एप्रिलला होतं. मी चैत्री ओळीच्या आयंबिलात आणि सिस्टरनी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गोड सोडलेलं. तोंडात साखर न घालणाऱ्या दोन बायका एका लहान मुलीचं खाऊशिवायचं बक्षीस ठरवत बसल्या होत्या.

मी आधीच सांगितलं, "सिस्टर, अंडं आणि ससा माझ्याकडून होणार नाही. चॉकलेटचा तर नाहीच." यशोधर राजाने पिठाचा कोंबडा करून बळी दिला आणि त्यासाठी केवढे भव भोगले, ती कथा त्यांना सांगितली. आपल्याकडे साखरेचे हत्ती-घोडे मुलांना देत नाहीत ते याचसाठी. खऱ्या जिवाला लागत नाही, पण मोडून खाण्याचा भाव होतोच. त्यांनीही मला अंड्याचा अर्थ सांगितला. बंद कवचातून नवा जीव बाहेर येतो, तसं बंद कबरेतून येशू उठले. ऐकून बरं वाटलं. मग हसून म्हणाल्या, "अंड्याशिवायही ईस्टर होतो, भाभी. तुम्ही तुमच्या मनाने भरा."

मनाने म्हणजे नियमाने. नियम तीनच ठेवले.

पहिला, मापाचा. टॉयलेट पेपर संपल्यावर पुठ्ठ्याची नळी उरते, साधारण चार सेंटिमीटर रुंद. त्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. गोळी, मणी, गोटी, बटण, भातुकलीतली चिमुकली भांडी, सगळं बाद. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षंही बाद. फुगा, लोहचुंबक आणि बटणासारखी चपटी बॅटरी असलेली खेळणी तर कोणत्याच मापाची नकोत. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत भाजतं.

दुसरा, खुणेचा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकायच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना सूट आहे. बाकीच्या खेळण्यांवर खूण शोधा. आणि खाऊ द्यायचाच असेल तर ठिपका बघून थांबू नका. परदेशातून नातेवाईक आणतात त्या मऊ रबरी गोळ्यांत आणि मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि पुडीवर आपला ठिपकाच नसतो. आपल्याकडच्या पुडीवर हिरवा ठिपका असला तरी आत मध असू शकतो. आपल्याला तोही चालत नाही. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांना वरची साखर देऊच नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

तिसरा नियम नातवाकडे बघून केला. या वयाच्या मुलाला वस्तू हवी असते ती भरायला, ओतायला, उघडायला आणि पुन्हा भरायला. गोळी दोन मिनिटांत संपते. ज्याने रोज काहीतरी करता येईल, तेच टोपलीत घालायचं.

बी.कॉम. असल्यामुळे हिशेबासकट सांगते. बुरडाकडून छोटी टोपली, ९० रुपये. तिच्या काठाच्या काड्या हाताला लागू नयेत म्हणून वरून कापडाची पट्टी शिवली. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या चार वाट्या, १६० रुपये. जाड पानांचं चित्रांचं मराठी पुस्तक, ७० रुपये. जाड खडू, ८५ रुपये. हे मोठ्यांच्या समोरच द्यायचे, कारण तुकडा पडला की तो नळीतून जातो. सावंतवाडीला गेले होते तेव्हा आणलेला लाकडी आंबा, ६० रुपये. तिथल्या फळांत बोरं-करवंदंही असतात, ती मात्र नको. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर लाखेचा रंग असतो. मुलांना ती चांगली, पण पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो, म्हणून मी घेतली नाहीत. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल घ्यावीत.

जुन्या सुती साडीचा चेंडू घरी शिवला. आत चिंध्याच भरल्या, मणी किंवा धान्य नाही. शिवण सुटली तर तेच बाहेर येतं. आणि एक छोटं पुसायचं फडकं, चारी बाजूंनी दुमडून शिवलेलं. मोठी माणसं करतात ते करायला मिळालं की मुलं तासभर गुंततात. या दोन्हींचा खर्च शून्य. एकूण ४६५ रुपये.

ईस्टरच्या दिवशी सिस्टर चर्चमधून आल्यावर टोपली त्यांच्या घरी नेली. नातीने आधी सगळं जमिनीवर उपडं केलं. पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. खडू आईने उचलून ठेवले. मग ती वाट्या घेऊन बसली. एकात एक घातल्या, काढल्या, सगळ्यात मोठीत आंबा ठेवला आणि आजोबांना "खा" म्हणाली. आजोबांनी खोटं खोटं खाल्लं. मग आजीला, मग मला. माझा नातूही बरोबर होता. चेंडू त्याने बळकावला, थोडं रडणं झालं, मग दोघांनी मिळून फडक्याने फरशी पुसली. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. मी सिस्टरना म्हटलं, "मागच्या वर्षीचं मी विसरलेले नाही." त्या म्हणाल्या, "भाभी, चहा ठेवते. आज साखर चालेल."

मैत्रिणींनो, चातुर्मासाला अजून अवकाश आहे. आपल्या महिला मंडळात मी एक विनंती ठेवणार आहे. यंदाच्या पर्युषणात तीन वर्षांखालच्या मुलांची यादी वेगळी करायची आणि त्यांच्या प्रभावनेत एकही गोळी ठेवायची नाही. प्रत्येकीने जुन्या साडीचे दोन-दोन चेंडू शिवले तरी सगळ्या मुलांना पुरतील. ५१ मी एकटी शिवायला घेतले आहेत. आज सकाळपर्यंत अकरा झाले.

तुमच्याकडे जुनी मऊ सुती साडी असेल तर बाजूला काढून ठेवा.

जय जिनेंद्र.