सुई आडवी धर

१९९४ साल. साताऱ्यात बीएस्सीला होतो. मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ टाचलं, वर पाणी ओतलं. पण नर्व्ह कॉर्ड माझ्या चिमट्यात दुसऱ्यांदा तुटली. प्रयोगशाळेतल्या मामांनी न बोलता तिसरं झुरळ पुढे सरकवलं. "सुई आडवी धर. ओढू नको, पाण्याला उचलू दे." ब्रशने चरबी बाजूला झाली आणि पोटाच्या तळाशी गाठीगाठींचा पांढरा दोरा वर आला. "त्याच्यावर कातडं असतंय. कशाला, ते सरांना विचार."

सरांनी सांगितलं ते अजून पाठ आहे. किड्याचं रक्त वाहिन्यांच्या जाळ्यात नसतं. ते पोकळीत खुलं फिरतं आणि मेंदू त्यातच बुडालेला. पाला खाणाऱ्यांच्या रक्तात तर पोटॅशियम भरपूर. म्हणून मेंदू-नसांवर वेष्टण आणि त्याखाली घट्ट शिवण घातल्यासारख्या ग्लिया पेशी. साखर आत घेतात, नको ते बाहेर उपसतात. १९५३मध्ये ग्रॅहम हॉइल यांनी टोळाच्या नसा पोटॅशियमच्या दाट द्रावणात ठेवून पाहिल्या. वेष्टणातली नस बराच वेळ टिकली, सोललेली लगेच गप्प झाली.

मला आजोबा आठवले. तासगावकडच्या आमच्या रानात ते तंबाखू भिजवून ते पाणी माव्यावर मारायचे; अळ्या मात्र दाद देत नसत. किड्याच्या रक्तात तंबाखूतल्या निकोटिनच्या बहुतेक कणांवर विद्युतभार चढतो आणि भार असलेल्या कणाला ही भिंत सहजी वाट देत नाही. १९९१मध्ये बाजारात आलेल्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकावर तसा भार नसतो. ते आत शिरतं. माव्याच्या मेंदूत शिरतं, तसंच मधमाशीच्याही.

पुढे द्राक्षबाग माझ्याकडे आली. मामा निवृत्त झाल्यावर घरचे बेदाणे घेऊन साताऱ्याला गेलो. त्यांनी ओळखलं. "दोरा अजून तुटतो का रे?"

"आता मुद्दाम तोडतो, मामा. पंपाने."

ते हसले नाहीत. बेदाण्याची पुडी बंद करत एवढंच म्हणाले, "तरी सुई आडवीच धर."

शेजारचं सूर्यफूल फुललं की तेवढे दिवस मी इमिडाक्लोप्रिड पंपात भरत नाही.