मागचे पाटे

सुट्टीत बाबांच्या हाताखाली आमच्या १९९६च्या अँबेसेडरचे मागचे पाटे बदलले. आजीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते. खड्डा आला की ती कळवळायची. मोडला होता डावीकडचा पाटा, तरी बाबांनी दोन्ही बाजूंना नवे घातले, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. नुसत्या जॅकवर विसंबायचे नाही म्हणून आधी गाडी भक्कम स्टँडवर टेकवली, मगच यू-बोल्ट सोडले. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले, तर भार येताच रबर पिळवटते.

आजी म्हणाली, “आता पाठ गप्प आहे.”

यंदा आमच्या हाउसमध्ये नवी मुले येतील. त्यांनाही आधी स्वतःच्या पायांवर उभे राहू द्यावे, मग आवळावे.