आरशाआधी खोली तपासा

दुर्बिणीतला गुरू थरथरू लागला की बहुतेक जण आरशाला नावं ठेवतात. आरसा तर घरातच तपासता येतो, तोही भरदिवसा. फूकोने १८५८ मध्ये शोधलेली युक्ती अजून पुरते. माझ्या सहा इंची आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. त्याच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिलिमीटरवर, एलईडीपुढे सुईच्या टोकाएवढं छिद्र आणि शेजारी दाढीचं ब्लेड. परतणारा प्रकाश ब्लेडने हळूच कापला की काचेवरचे उंचसखल भाग सावल्यांनी उठून दिसतात. आरसा निव्वळ गोलीय असेल तर सगळा एकदम काळवंडतो; नीट पॅराबोला झाला असेल तर कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा सुमारे २.३ मिलिमीटर पुढे एकत्र येतात.

आता आरशासमोर नुसता हात धरा. बोटांवरून चढणारी गरम हवा धुरासारखी दिसते. काचेवर अंगठा मिनिटभर टेकवला तर तिथे टेंगूळ येतं आणि ते लगेच जात नाही. हे एकदा पाहिलं की गच्चीवरच्या दुर्बिणीच्या खोलीकडे बघायची नजर बदलते. पुण्यातला मे महिन्यातला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता ओकत राहतो. म्हणून सरकतं छप्पर सूर्य मावळताच उघडावं, आरशामागे कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावावा, पाहुणे कमी बोलवावेत.

खरी परीक्षा ताऱ्यावर. परदेशी पुस्तकं ध्रुव घ्या म्हणतात, कारण तो जवळपास हलत नाही. पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर; त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा ओलांडून येतो. त्यापेक्षा स्वाती घ्यावा. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असतो. नेत्रिका फोकसच्या आत-बाहेर सारखीच सरकवून दोन्हीकडची वलयं ताडून पाहायची. ती खदखदत असतील तर दोष हवेचा. स्थिर असूनही दोन्हीकडे वेगळी दिसली तर आरशाचा.

तेव्हा आरसा पुन्हा घासायला काढण्याआधी छप्पर दोन तास उघडं ठेवा आणि वलयं परत एकदा बघा.