हिरकणीच्या घरी कोण होते?

हिरकणीची कथा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. रायगडाचे दरवाजे मिटले, तान्हे घरी होते, आणि ती गवळण कडा उतरून गेली. एवढ्यावर वात्सल्याचे विवेचन संपत असे. त्या रात्री तिच्या घरी बाळापाशी कोण होते, हा प्रश्न ना कुणा विद्यार्थ्याने विचारला, ना आम्हांला सुचला.

सुचला तो २०१८च्या उन्हाळ्यात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिच्यामुळे नवरा त्या दिवसांतून आपसूक सुटतो. आमच्या सासूबाई आजारी होत्या, म्हणून बाळंतीण यवतमाळातच राहिली. निळोणा आणि चापडोह धरणे आटली होती, अवघे शहर टँकरची वाट पाहत होते. आम्हीही रांगेत उभे राहून ड्रम भरून आणीत असू आणि कर्तव्य पार पडले अशा समाधानात झोपत असू. पाजणे हे काही आपले काम नव्हे!

तिसऱ्या आठवड्यात बाळाचे वजन वाढेना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "हिला दूधच नाही, डबा आणा." आम्ही निघालोही. तिने दारातच अडवले. "डॉक्टरांना विचारू आधी. आणि तुम्ही रात्री उठा."

डॉक्टरांनी तपासून सांगितले ते साधेच होते : बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. थकव्यामुळे रात्रीच्या पाळ्या चुकत होत्या, दूध त्यामुळे उणावत होते. मग आम्ही उठू लागलो. बाळाला पाळण्यातून उचलून तिच्यापाशी द्यायचे, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा. पाजायला बसताच तिच्या घशाला कोरड पडते, हे तेव्हा कळले. ड्रम आम्ही रोज भरला होता. तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या मात्र एकदाही ठेवला नव्हता. सर्वांत अवघड गेले ते मावशींना आदबीने थांबवणे.

२०१९च्या जानेवारीत ९२वे साहित्य संमेलन आमच्याच गावी भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे यांचे भाषण दोघांनाही ऐकायचे होते. तिने ते ऐकले. आम्ही लेकीला खांद्यावर घेऊन मंडपामागे येरझारा घालीत होतो. ती भुकेने रडली तेव्हा आईपाशी नेली, पाण्याची बाटली पुढे केली आणि शालीचा आडोसा धरून उभे राहिलो. ओळखीचे एक प्राध्यापक पाहून हसले. भाषण आम्ही पुढे छापील वाचले.