लेक विमानानं निघते तेव्हा

आपण बायका पाठवणीची तयारी कशी चोख करतो! चिवडा, मेतकूट, शेवया, बाळाचं लंगोट-दुपटं, काही विसरायचं नाही. पण एवढं मोठं धूड आभाळात राहतं तरी कसं, हे मात्र कुणाला विचारत नाही. काळजी तेवढी करत बसतो.

माझी धाकटी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन दुबईला जावईबापूंकडे निघाली, तेव्हा माझ्याही जिवाला घोर लागला. आमच्या तलवाड्याहून कुणी एस.टी.नं गेवराईला गेलं तरी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत मला चैन नसते. त्यात १९७८ सालची बातमी मनातून जाईना. १ जानेवारीच्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो मुंबईहून दुबईलाच निघालं होतं. वांद्र्याजवळ समुद्रात पडलं आणि २१३ माणसं गेली.

लेकीला सोडायला मुंबईला गेलो, तेव्हा पुतण्यानं नरिमन पॉइंटला एअर इंडियाची जुनी इमारत दाखवली. २३ मजली, १९७४ सालची, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरची. १२ मार्च १९९३ ला तिथंही बॉम्बस्फोट झाला, माणसं दगावली. इमारत मात्र उभी राहिली. मान वर करून बघताना मी म्हटलं, “अरे, ही निदान जमिनीवर तरी आहे. विमानाचं काय?”

मग त्यानं समजावलं. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे आलेलं ते जम्बो सुमारे २३१ फूट लांब, शेपटाचं टोक सहा मजली घराएवढं उंच. इंजिनं विमानाला नुसती पुढं रेटतात. वेगानं जाताना पंख हवेला खाली ढकलतात आणि हवा विमानाला वर उचलून धरते. एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्यांवर विमान उतरवता येतं. त्या रात्री समुद्रावर अंधार होता आणि विमान कुठं कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. असं एक यंत्र चुकलं तर बाकीची पाहून खरं ताडायचं, याचा सराव वैमानिकांकडून करून घेतात. हे कळल्यावर रात्री मला झोप लागली.

आता कामाच्या गोष्टी. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी. आत हवा भरलेली असते, तरी ती कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडी विरळच. म्हणून चढता-उतरताना कानात दडे बसतात. त्या वेळी बाळाला अंगावर पाजावं; गिळण्यानं कान मोकळे होतात. मोठ्यांनी जांभई द्यावी, आवंढा गिळावा. बाळाला सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. वर जेवण अळणी लागतं; शेंगदाण्याची कोरडी चटणी जवळ असू द्यावी.

आणि एक विसरू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात देऊ नयेत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. दुबईला खसखस तर चिमूटभरही नको. तिथं तिला कायद्यानं बंदी आहे, तुरुंगापर्यंत पाळी येते. आपल्या काळ्या मसाल्यात ती असतेच. मी लेकीसाठी बिनखसखशीचा मसाला वेगळा कुटला आणि डब्यावर तसं लिहून दिलं.

काळजी आईची सुटत नाही. पण माहिती करून घेतली, की त्याच काळजीतून लेकीच्या उपयोगाचं काहीतरी हातून होतं.