मेंढीला ठाऊक असलेली हद्द

चार दिवस झाले वाफसा नाही, कोळपणी अडलीय. म्हणून वाचलेलं थोडं लिहितो.

वारसा जपणारी संस्था म्हटलं की किल्ले नि वाडे डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडातल्या नॅशनल ट्रस्टकडे जुन्या हवेल्याही आहेत नि डोंगर, समुद्रकिनारेही. संस्था १८९५ सालची. १९०७ च्या कायद्यानं ती आपली जमीन कायमची राखीव ठरवू शकते. मग ती ना विकता येते, ना गहाण टाकता येते. (सातबाऱ्यावर असा शेरा आपल्याला झेपला नसता!)

मला रस वाटला तो तिच्या मेंढ्यांत. उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ, धो धो पावसाचा भाग. तिथली हर्डविक मेंढी म्हणजे आपल्या अकोले-इगतपुरीची डांगी समजा, पावसाला न हटणारी. 'पीटर रॅबिट'च्या गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर तिथं शेती करायच्या, हर्डविक पाळायच्या. १९४३ मध्ये त्या गेल्या. जाताना ४ हजार एकरांहून जास्त जमीन ट्रस्टला दिली नि अट घातली, डोंगरावरच्या शेतांवर कळप हर्डविकचेच राहावेत.

कारण माथ्यावर कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपल्याच हद्दीत चरतो. कोकरू आईमागं फिरून हद्द शिकतं, पुढं आपल्या कोकरांना शिकवतं. म्हणून खंडानं शेत करणारा बदलला तरी कळप शेताबरोबरच राहतो. घेतल्या तेवढ्या मेंढ्या जाताना मोजून द्यायच्या. बाजारातून नव्या आणून सोडल्या तर वाट फुटेल तिकडं जाणार, माणसानं वर्षानुवर्षं राखण करायची. २००१ च्या लाळ्या-खुरकुतात तिथले कळप मारावे लागले, तेव्हा धास्ती हीच होती.

२०१६ मध्ये बोरोडेल खोऱ्यातल्या एका शेताची जमीन नि घर वेगवेगळं विकायला निघालं. ट्रस्टनं साडेनऊ लाख पौंडांना जमीन घेतली, घर सोडलं. आसपासचे शेतकरी खवळले, की घराशिवाय इथं शेती करणार कोण? निसर्ग राखायचा, पुराचं पाणी डोंगरातच थोपवायचं, हे ट्रस्टचं म्हणणं खोटं नाही. पण मला शेतकऱ्यांचंच पटतं. मेंढ्या विण्याच्या दिवसांत रात्री दोनदा उठून बघणारा माणूस तिथंच राहायला हवा.

घाटमाथ्यावर डांगी राखणारं कुणी वाचत असेल तर सांगा, विकतचं जनावर तुमच्या रानाला रुळायला किती पावसाळे जातात?